पहिला चौकोन दाबा

माझ्या सासऱ्यांना माझं काम समजावून सांगायचा मी तीन वेळा प्रयत्न केला. केजच्या बाजारपेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. दुकानाच्या माळ्यावर, कुकरची खोकी आणि एकात एक घातलेली पातेली यांच्यामधे जागा करून मी टेबल टाकलंय, आणि तिथं बसून मी काम करते. पहिल्या वेळी मी म्हणाले, "अण्णा, मी वेबसाइटवर मार्गदर्शन तयार करते." त्यांनी मान हलवली आणि गिऱ्हाइकाला हंडा दाखवायला उठले. दुसऱ्या वेळी मी लॅपटॉप खाली आणून प्रत्यक्षच दाखवलं. पान उघडलं की सगळं काळपट होतं, एकाच बटणाभोवती उजेड राहतो, शेजारी एक पांढरा फुगा येतो, फुग्याला बाण असतो आणि आत लिहिलेलं असतं, "इथे दाबा." दाबलं की हा फुगा जातो आणि पुढच्या बटणापाशी दुसरा येतो. असं करत करत माणूस फॉर्मच्या शेवटापर्यंत पोचतो. निदान पोचावा अशी अपेक्षा असते.

अण्णांनी चष्मा वर करून ते सगळं पाहिलं. "म्हंजे वेबसाइट कुनाला कळत न्हाई, म्हनून तू तिच्यावर चिठ्ठ्या चिकटवतीस."

"तसंच म्हणा."

"मंग कळंल अशीच कावून करीत न्हाईत?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुण्यात बसून ज्यांनी ती वेबसाइट बनवली होती त्यांच्याकडेही नव्हतं, कारण मी त्यांना हाच प्रश्न जरा सभ्य भाषेत दोनदा विचारला होता. तिसऱ्या वेळी मी अण्णांना फक्त एवढंच सांगितलं की मी कॉम्प्युटरचं काम करते, आणि तिथं विषय संपला.

त्याआधी मी केजमधल्याच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. तो बंद पडला आणि घरी बसायची वेळ आली, तेव्हा पाण्यावर काम करणाऱ्या एका संस्थेनं मला बोलावलं. जिल्ह्यातल्या गावांमधे त्यांनी एकेक बाई नेमली होती. या बायकांनी गावातल्या हातपंपांचं, बोअरचं पाणी तपासायचं आणि निकाल मोबाइलवरून संस्थेच्या वेबसाइटवर भरायचा. तपासणी सगळ्यांना चटकन जमली. भरणं कुणालाच जमेना. म्हणून संस्थेनं फुगे बनवायचं एक टूल विकत घेतलं आणि ते चालवायला मला घेतलं. पुण्याच्या इंजिनियर बाईंनी व्हिडिओ कॉलवर तासाभरात मला ते शिकवलं. "यात कोडिंग काहीच नाही," त्या म्हणाल्या. "बटणावर क्लिक करायचं, फुगा चिकटतो. मजकूर लिहायचा. झालं."

झालं म्हणजे काय झालं, ते मला पुढच्या दोन महिन्यांत कळलं. फुगा लॅपटॉपवर छान दिसायचा आणि मोबाइलवर जी जागा भरायची तिच्यावरच जाऊन बसायचा. मजकूर चार ओळींच्या वर गेला की फुगा फुगायचा आणि खालचं अर्धं पान झाकायचा. पुण्याहून मजकुराचे नमुने यायचे, त्यात "प्रविष्ट करा" आणि "निवड सुनिश्चित करा" असले शब्द. ते कुठल्या गावातली बाई बोलते, हे मला कुणी सांगितलं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेवटचा फुगा. फॉर्म भरून झाला की स्क्रीनवर रंगीबेरंगी कागदाचे तुकडे उडायचे आणि "अभिनंदन" असं यायचं. एखाद्या बाईनं आपल्या गल्लीतल्या पंपाचं पाणी पिण्याजोगं नाही अशी नोंद केली, तरी तेच. मी कळवलं की हे बंद करा, बरं दिसत नाही. उत्तर आलं की आपल्या पॅकेजमध्ये ते बंद करायची सोय नाही. मग मी हट्टाला पेटले आणि शेवटचा फुगाच काढून टाकला.

आता तपासणीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त निघतं. त्या पाण्यानं लेकरांच्या दातांवर डाग पडतात, मोठ्या माणसांची हाडं दुखायला लागतात. बायकांकडे तपासणीची एक पेटी होती. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, बाटलीतल्या औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं आणि थोडं थांबायचं. औषधानं गुलाबी झालेलं पाणी तसंच राहिलं तर चांगलं. पिवळट पडलं तर फ्लोराइड जास्त. वेबसाइटवर त्यासाठी दोन पांढरे चौकोन होते. पहिल्यात बारीक अक्षरात "मर्यादेत" लिहिलेलं, दुसऱ्यात "मर्यादेबाहेर".

मी आधी फुग्यात व्यवस्थित लिहिलं होतं: नळीतलं पाणी गुलाबी असेल तर "मर्यादेत" असं लिहिलेला चौकोन दाबा आणि पिवळं असेल तर "मर्यादेबाहेर" असं लिहिलेला. मोबाइलवर त्याच्या सहा ओळी झाल्या आणि फुग्यानं दुसरा चौकोन पूर्ण झाकून टाकला. मी शब्द इकडून तिकडे हलवले, फुगा वर घेतला, खाली घेतला, डावीकडे घेतला. दुपारभर तेच चाललं होतं. माळ्यावर पत्र्याची झळ येत होती, खाली कुणीतरी पातेल्यांवर टिचक्या मारून आवाज ऐकत होतं. शेवटी वैतागून मी लिहिलं, "नळीतलं पाणी गुलाबी असेल तर पहिला चौकोन दाबा. पिवळं असेल तर दुसरा." तीन ओळी झाल्या. फुगा बसला. मी लॅपटॉप मिटला आणि खाली चहा करायला गेले.

त्यानंतर चार-पाच महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका बाजाराच्या दिवशी दुपारी अण्णांनी खालून हाक मारली.

"अगं, तुझ्याकडं कुनीतरी आलंय. घाटनांदूरकडच्या हायेत."

पन्नाशी ओलांडलेली एक बाई दुकानाच्या पायरीवर उभी होती. खांद्याला कापडी पिशवी, हातात रुमालात गुंडाळलेला मोबाइल. मी तिला ओळखलं. अंबाजोगाईला आमचं प्रशिक्षण झालं होतं तेव्हा ती पहिल्या रांगेत बसली होती. पूर्वी अंगणवाडीत मदतनीस होती, आणि सगळ्यांत नेटकी तपासणी तिनं केली होती. मी केजला सासऱ्यांच्या भांड्यांच्या दुकानात बसते, असं तिथं मी बोलता बोलता सांगितलं होतं. तेवढ्यावर ती जीप आणि एसटी बदलून शोधत आली होती.

"ताई, त्या बाणवाल्या तुमीच ना?"

"हो मावशी. या, बसा."

ती बसली नाही. "मला आदी सांगा, मी काय चुकले."

अण्णांनी स्टूल पुढं केलं, पाणी दिलं. पाणी घेताना तिनं तांब्याकडे एकदा पाहिलं आणि मग प्याली. मग एकेक करत सगळं सांगितलं. तिच्या गावात पिठाच्या गिरणीजवळ एक हातपंप आहे आणि शाळेजवळ दुसरा. महिन्यापूर्वी तिनं दोन्ही तपासले. गिरणीजवळचं पाणी गुलाबी राहिलं, शाळेजवळचं पिवळं पडलं. दोन्ही नोंदी तिनं त्याच दिवशी भरल्या. आठवड्याभरानं संस्थेची माणसं आली, गिरणीजवळच्या पंपाला लाल रंग मारला आणि पाटी लावली की हे पाणी पिऊ नये. शाळेजवळच्या पंपाला निळा रंग मारला.

"मी त्यांच्या मागं गेले. म्हनलं, उलटं व्हतंय. ते म्हनले, मावशी, तुमीच भरलंय, हे बगा. अन् मोबाइलमधी दावलं. माजंच नाव."

"मग गावात?"

"गावात काय. गिरनीवाले अन् आमचं बांधावरून वाकडं हाय, लई वर्सापासून. लोक म्हनले, हिनं मुद्दाम केलं. त्यांच्या दारातला पंप बंद पाडला." ती थांबली. "माझी सून बी तेच म्हनली. तोंडावर न्हाई म्हनली, पन म्हनली."

मला त्या क्षणी खरं काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, हिचं बोट चुकून दुसऱ्या चौकोनावर पडलं असणार. असं फार वेळा व्हायचं. मी प्रशिक्षणातल्या आवाजात विचारलं, "मावशी, फुगा नीट वाचला होता का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. पिशवीतून पाण्याची बाटली काढली, पेटी काढली. "हे गिरनीजवळचं. सकाळी भरून आनलंय." दुकानाच्या फळीवर, स्टीलच्या डब्यांच्या शेजारी तिनं नळी उभी केली, थेंब मोजून टाकले, नळी हलवली. आम्ही तिघं बघत उभे राहिलो. एक गिऱ्हाईक चमचे घ्यायला आलं होतं, तेही थांबलं. पाणी गुलाबी झालं आणि गुलाबीच राहिलं.

"आता मोबाइल उघडा," मी म्हणाले.

तिनं पान उघडलं. फुगा आला. प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत तिनं मोठ्यानं वाचलं, "नळीतलं पाणी गुलाबी असेल तर पहिला चौकोन दाबा." फुग्याचा बाण पहिल्या चौकोनावर होता. आणि पहिला चौकोन लालभडक होता. त्यात पांढऱ्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, "मर्यादेबाहेर". दुसरा हिरवा होता, त्यात "मर्यादेत".

कुणीतरी चौकोनांची अदलाबदल केली होती, रंग भरले होते, आणि माझा फुगा त्या नव्या पहिल्या चौकोनावर इमानदारीनं चिकटून बसला होता.

"दाबू का?" तिनं विचारलं.

"नका दाबू."

"लाल दिसला तवा मला बी जरा कसं वाटलंतं," ती म्हणाली. "पन म्हनलं, गुलाबीच्या जवळचा रंग हाय, तसंच असंल. अन् बाण बी तिकडंच व्हता. बाण जिकडं, तिकडं मी गेले."

अण्णा माझ्याकडे बघत होते, ते गिऱ्हाईकही बघत होतं. मी म्हणाले, "मावशी, तुमचं काही चुकलं नाही. चूक माझी आहे. मी पहिला चौकोन असं लिहायला नको होतं, नाव लिहायला हवं होतं."

मला वाटलं होतं, हे ऐकून तिला बरं वाटेल. ती नळी धुऊन पेटीत ठेवत होती. "ते हितं मला सांगून काय उपेग, ताई? गावात येऊन सांगा."

मी तिच्यासमोरच पुण्याला फोन लावला.

"अच्छा, तो बदल," इंजिनियर बाई म्हणाल्या. "तो दीड महिन्यापूर्वीच केला. धोका आधी दिसावा आणि लाल असावा, असं आमच्या टेस्टिंगमध्ये आलं."

"टेस्टिंग कुणी केलं?"

"आमच्या ऑफिसमध्येच. पंधरा-वीस लोक होते."

"त्यातल्या कुणी ही नळी बघितली होती का? चांगलं पाणी गुलाबी असतं. तुमचा लाल चौकोन त्या पाण्यासारखाच दिसतो."

"हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

"बदल केला हे मला कुणी सांगितलं?"

"आम्हाला वाटलं, टूल सांगेल. पान बदललं की फुगा हरवतो आणि डॅशबोर्डवर लाल खूण येते. इथं सगळ्या फुग्यांना हिरवी खूण आहे."

मी लॅपटॉप उघडला. खरंच सगळ्या फुग्यांना हिरवी खूण होती. मी फुगा चिकटवला होता तो पानावरच्या पहिल्या चौकोनाला, आणि पहिला चौकोन त्याला मिळाला होता. त्या चौकोनात काय लिहिलंय याच्याशी टूलला काही घेणं नव्हतं. घेणं मला असायला हवं होतं. दीड महिन्यात मी एकदाही ते पान मोबाइलवर उघडून बघितलं नव्हतं, रोज सकाळी फक्त हिरव्या खुणा बघून पुढच्या कामाला लागत होते.

"पण यूजरनं चौकोनातलं लिहिलेलं वाचायला हवं होतं ना," त्या म्हणाल्या.

यूजर समोर स्टुलावर बसून चहा बशीत ओतत होती. फोनचा आवाज मोठा होता, तिला ऐकू गेलं असणार. मी म्हणाले, "त्यांनी फुग्यातलं लिहिलेलं वाचलं. शब्द न् शब्द वाचलं. आता ही नोंद बदलायची कशी ते सांगा."

"सबमिट झालेली नोंद बदलता येत नाही. दुरुस्तीची विनंती टाकावी लागते. मेनूमध्ये जा, प्रोफाइलमध्ये, मग मदत, मग अन्य." त्या जरा थांबल्या. "खरं तर ते कुणाला सापडत नाही. त्याच्यावर एखादं गाईड बनवाल का तुम्ही?"

मी फोन ठेवला. त्या बाई वाईट होत्या असं मला आजही वाटत नाही. त्या दिवशी मात्र मला त्यांच्यावर खूप चिडायचं होतं, पण तेही धड जमेना, कारण अर्धा राग माझ्याकडेच परत येत होता.

बदल झाल्यापासूनच्या सगळ्या नोंदी मी मागवून घेतल्या. अकरा होत्या. संध्याकाळपर्यंत मी एकेका बाईला फोन लावत बसले. पाटोद्याकडच्या एकीनं सांगितलं की तिनं फुग्याकडे बघितलंच नाही, चौकोनातलं वाचून भरलं, म्हणून तिची नोंद बरोबर. तिच्याइतका आनंद मला त्या दिवशी कुणी दिला नाही. बाकीच्यांनी फुग्याचं ऐकलं होतं. चांगलं पाणी वाईट ठरलं त्याचं एक वेळ निभावून गेलं असतं. पण दोन गावांत वाईट पाणी चांगलं ठरलं होतं. एका गावच्या बाईला तिथला पंप लगेच थांबवायला मी फोनवरच सांगितलं. दुसरा पंप मावशीच्या गावच्या शाळेजवळचा. तीन आठवडे गिरणीकडची माणसं आपला चांगला पंप सोडून तिथून पाणी भरत होती. शाळेतली लेकरंही तेच पीत होती.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. अंबाजोगाईपर्यंत एसटी, तिथून घाटनांदूरची जीप, आणि पुढं फाट्यावर मावशी उभी होती. गिरणीजवळ दहा-बारा माणसं जमली. तिनं आधीच निरोप दिला होता, की माझं ऐकू नका, त्या केजच्या बाईचं ऐका. गिरणीवाल्यांतले थोरले दाराशी खुर्ची टाकून बसले होते.

मावशीनं सगळ्यांसमोर पंपाचं पाणी तपासलं. गुलाबी. मी मोबाइल दाखवला, फुगा दाखवला, बाण कुठं होता ते दाखवलं. माझ्या लक्षात आलं की मी फार बोलतेय. टूल, पान, चौकोन, अदलाबदल. कुणाच्याही चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं.

थोरल्यांनी हात वर करून मला थांबवलं. "हे सगळं राहू द्या. दोष मशिनीचा का मानसाचा, तेवढं सांगा."

"माणसाचा," मी म्हणाले. "माझा. या मावशींनी नळीत दिसलं आणि फुग्यानं सांगितलं तसंच भरलं. चुकीचं बटण मी दाखवलं."

"म्हंजे हिनं मुद्दाम केलं न्हाई."

"नाही."

त्यांनी पंपाकडे बघितलं. "आमी हिला लई बोललो," ते म्हणाले. ते कुणाला उद्देशून होतं ते कळलं नाही. मावशी नळी पुसत होती, तिनं मान वर केली नाही.

मागं उभ्या असलेल्या एका बाईनं विचारलं, "आज गुलाबी म्हंता. उद्या येऊन परत पिवळं म्हनाल. आमी कुनाचं धरावं?"

मी सांगितलं की मोबाइलचं धरू नका, नळीचं धरा, ती तुमच्यासमोर आहे. उत्तर बरं होतं, पण ती बाई काही पटल्यासारखी दिसली नाही. मग आम्ही सगळे शाळेजवळच्या पंपाकडे गेलो. तिथं एक बाई कळशी भरून निघतच होती. मावशीनं तिच्या कळशीतलंच पाणी नळीत घेतलं. ते पिवळं पडलं. कळशीवालीनं नळी हातात घेतली, उन्हाकडे धरून बघितली.

"दिसायला तर साफ हाय," ती म्हणाली. तिनं नळी परत दिली, कळशी कमरेवर सारखी केली. मग "भांडी घासायला व्हईल" असं म्हणून घराकडे चालायला लागली.

शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना मी सगळं सांगितलं. त्यांनी फार प्रश्न विचारले नाहीत. शिपायाला बोलावून पंपाच्या दांड्याला दोरी बांधायला सांगितली आणि मुलांसाठी गिरणीजवळून पाणी आणायची व्यवस्था लावली. वऱ्हांड्यात पोरं ओळीनं बसून गणितं सोडवत होती. त्यांच्या समोरून जाताना मला मान वर करवेना.

दुपारी मावशीकडे जेवायला बसले. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वरण. वाढायला सूनच होती. तिनं मला दोनदा आग्रह केला आणि सासूच्या ताटात न विचारता तूप घातलं. मावशी जेवताना एवढंच म्हणाली, "मी सातवी शिकलेली. तुमी लई शिकल्याव. तुमी बाण दावला की मी म्हनते, हितंच असंल. मंग तुमी तरी नीट बगून दावावं का न्हाई?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

पुढचे दोन महिने मी पुण्याशी भांडण्यात घालवले. पहिलं, पान बदलायच्या आधी मला कळवायचं. ते त्यांनी मान्य केलं आणि दोनदा विसरले. दुसरं, चौकोनांतले शब्द बदलायचे. मी मावशीला फोन करून विचारलं होतं, "मर्यादेत म्हणजे तुम्हाला काय कळतं?" ती म्हणाली, "मर्यादेत म्हंजे बायांनी राहायचं असतंय ते." मी ते वाक्य जसंच्या तसं पुण्याला लिहून पाठवलं. आम्ही सुचवलं, "पाणी चांगलं" आणि "पाणी वाईट". तिकडून आलं की वाईट हा शब्द शास्त्रीय नाही. मग मेल, मग बैठक, मग परत मेल. शेवटी "प्यायला चांगलं" आणि "पिऊ नये" यावर सगळे तयार झाले. लाल-हिरवं काढून नळीतले खरे रंग घाला, या मागणीला मात्र त्यांनी दाद दिली नाही. लाल म्हणजे धोका हे जगभर ठरलंय, असं त्यांचं म्हणणं. मी फुग्यात नळीचा फोटोच टाकला आणि त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या ते अजूनही लक्षात आलेलं नाही.

फुगेही मी सगळे नव्यानं लिहिले. पहिला, दुसरा, वरचा, खालचा असे शब्द काढून टाकले. नवा फुगा लिहिला की आधी मावशीला फोनवर वाचून दाखवायचा, अशी सवय लागली. ती ज्वारी निवडत किंवा शेळीला पाला टाकत ऐकते आणि मधेच थांबवते. "निवड म्हंजे काय निवड? तांदूळ का?" मी तो शब्द खोडते. तिच्या या कामासाठी मानधन मिळावं म्हणून मी संस्थेला लिहिलं. त्यांनी विचारलं की हे कुठल्या पदाखाली दाखवायचं. त्याचा पत्रव्यवहार अजून चालू आहे.

गावात दोन्ही पंपांना परत रंग मारला. लालवर निळा मारल्यामुळे गिरणीजवळचा पंप आता कुठल्याच रंगाचा वाटत नाही. गल्लीतल्या काही घरांनी तिथं पाणी भरायला सुरुवात केली, काहींनी बरेच दिवस केली नाही. मावशीला कुणी येऊन चुकलं असं म्हणालं नाही, आणि तिनंही त्याची वाट बघितली असं दिसलं नाही.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. गिरणीवाल्यांनी शेतात नवीन बोअर घेतलाय, आणि पाणी तपासायला थोरल्यांनी तिलाच बोलावलं. ती पेटी घेऊन बांधावरून गेली. पाणी पिवळं पडलं. तिनं त्यांच्यासमोर परत तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं. तिन्ही वेळा पिवळं.

"मग काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय म्हनत्यात. एवढा खोल बोअर घेतलाय, तोंड उतरलं. पन म्हनले, बरं झालं आदी कळलं, ह्ये पाणी पिकाला देऊ. चहा दिला. म्या मोबाइलवर भरलं, त्यांनी शेजारी बसून बघितलं."

"फुगे नीट आले का?"

"आले. पन गावाचं नाव टाकायची जागा हाय का, तितं त्यो फुगा आडवा बसतोय. दोन डाव बोटानं ढकलला, हलंना. तेवढं बगा."

मी बघते म्हणाले. चार दिवस झाले, त्याच्यावरच बसलेय. लॅपटॉपवर तो फुगा अगदी बाजूला दिसतो.